नाउन क्लॉज आणि अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज: मराठी विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेत मी इंग्रजी व्याकरणाचा वर्ग घेते. सकाळी बारावीची मुलं येतात, दुपारी अभ्यासिकेतून उठून आलेले एमपीएससीवाले, आणि संध्याकाळी हिंजवडीहून बसचे धक्के खात आलेले नोकरदार. तिघांच्या वह्या वेगळ्या, पण लाल शाईच्या खुणा त्याच त्या जागी पडतात. कारण तिघंही वाक्य आधी मराठीत जुळवतात, आणि मराठी वाक्याची वळणं इंग्रजीला चालत नाहीत. खालचे प्रश्न वर्गात इतक्या वेळा आले आहेत की ते एकदाचे लिहून ठेवावेत असं वाटलं. इंग्रजी उदाहरणं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने म्हणा. वाक्य कुठे अडखळतंय ते म्हटल्यावर लगेच कळतं.

क्लॉज म्हणजे नेमकं काय?

ज्या शब्दसमूहात कर्ता आहे आणि काळ दाखवणारं क्रियापदही आहे, तो क्लॉज. 'आफ्टर द रेन' ही नुसती फ्रेज, 'आफ्टर द रेन स्टॉप्ड' हा क्लॉज. शाळेत मिश्र वाक्य शिकताना प्रधान वाक्य आणि गौण वाक्य असे शब्द तुम्ही ऐकले असतील. नामवाक्य, विशेषणवाक्य आणि क्रियाविशेषणवाक्य हे गौण वाक्याचे तीन प्रकार. इंग्रजीत तेच नाउन क्लॉज, अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज आणि अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. नवीन काही नाही, फक्त नावं बदलली.

नाउन क्लॉज ओळखायचा कसा?

तो झाका आणि त्या जागी 'समथिंग' ठेवा. 'आय नो दॅट शी लिव्ह्ज इन कोथरूड.' 'दॅट'पासून शेवटपर्यंत बोट ठेवा आणि म्हणा, 'आय नो समथिंग.' वाक्य शाबूत राहिलं, म्हणजे झाकलेला भाग नामाचं काम करत होता.

नाम जिथे जिथे बसतं तिथे हा क्लॉज बसतो. कर्त्याच्या जागी: 'व्हॉट ही सेड वॉज ट्रू.' पूरकाच्या जागी: 'माय फिअर इज दॅट वी विल मिस द ट्रेन.' प्रिपोझिशननंतर: 'इट डिपेंड्स ऑन हाउ मच टाइम वी हॅव.' चारही वाक्यांत 'समथिंग' घालून बघा, चारही चालतात.

आणि अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज?

त्याच्या आधी एखादं नाम उभं असतं आणि हा क्लॉज त्या नामाबद्दल 'कोणता?' या प्रश्नाचं उत्तर देतो. 'द शॉप दॅट सेल्स ओल्ड बुक्स इज क्लोज्ड टुडे.' कोणतं दुकान? जुनी पुस्तकं विकणारं. मधला भाग काढून टाकला तरी 'द शॉप इज क्लोज्ड टुडे' हे वाक्य उरतंच. नाउन क्लॉज असा काढता येत नाही. काढला तर 'आय नो' एवढंच हातात राहतं आणि ऐकणारा पुढचं ऐकायला थांबून राहतो.

'व्हेन' दिसलं की अ‍ॅडव्हर्ब, 'हू' दिसलं की अ‍ॅडजेक्टिव्ह, असं पाठ केलं तर चालेल का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या. गाइडमध्ये असे तक्ते असतात, आणि ते पाठ करून आलेली हुशार मुलं परीक्षेत तिथेच मार्क घालवतात. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण मेहनत त्यांनी केलेली असते.

तीन वाक्यं घ्या. 'आय नो व्हेन द लास्ट बस लीव्ह्ज.' 'आय रिमेंबर द डे व्हेन वी फर्स्ट क्लाइम्ड सिंहगड.' 'कॉल मी व्हेन यू रीच स्वारगेट.' तिन्हींत 'व्हेन' आहे. पहिल्यात 'समथिंग' बसतं, म्हणून तो नाउन क्लॉज. दुसऱ्यात 'व्हेन'च्या आधी 'द डे' हे नाम आहे आणि क्लॉज 'कोणता दिवस?' याचं उत्तर देतो, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह. तिसऱ्यात फोन कधी करायचा ते सांगितलंय, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. 'व्हेअर'चं हेच, 'हू'चंही जवळपास हेच. 'आय नो हू ब्रोक द ग्लास' मध्ये 'हू' नाउन क्लॉज उघडतो, 'द बॉय हू ब्रोक द ग्लास' मध्ये अ‍ॅडजेक्टिव्ह. क्लॉजच्या दारावरची पाटी वाचू नका, आत काय काम चाललंय ते बघा.

'आय डोन्ट नो व्हेअर इज द ऑफिस' यात काय चुकलं? सगळे असंच तर बोलतात.

बोलतात खरे, आणि त्याला कारण आहे. मराठीत आपण विचारतो, 'ऑफिस कुठे आहे?' आणि सांगतो, 'ऑफिस कुठे आहे ते मला माहीत नाही.' दोन्हींत 'ऑफिस कुठे आहे' हे तीन शब्द जसेच्या तसे राहिले. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांचा क्रम हलत नाही, त्यामुळे तो प्रश्न मोठ्या वाक्यात घातला तरी काही हलवावं लागत नाही.

इंग्रजीत प्रश्न विचारताना क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: 'व्हेअर इज द ऑफिस?' तोच प्रश्न नाउन क्लॉज झाला की तो प्रश्न राहत नाही. मग क्रियापद आपल्या जागेवर परत जातं: 'आय डोन्ट नो व्हेअर द ऑफिस इज.' 'डू', 'डज', 'डिड' हे तर प्रश्नापुरतेच आलेले पाहुणे. क्लॉजमध्ये ते निघून जातात आणि जाताना काळ मुख्य क्रियापदाकडे सोपवून जातात. 'व्हॉट डिड ही से?' चं 'टेल मी व्हॉट ही सेड' होतं. 'व्हेअर डज शी वर्क?' चं 'आय वंडर व्हेअर शी वर्क्स.'

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी एका मुलीने तिची तयारीची वही दाखवली. एकाच पानावर पाच ठिकाणी 'आय वुड लाइक टू नो व्हॉट इज द रोल' या धर्तीची वाक्यं होती. मी पाचही ठिकाणी 'इज'भोवती गोल केला आणि चार ठिकाणी तिथून वाक्याच्या शेवटापर्यंत बाण ओढला. पाचवा बाण तिने स्वतःच ओढला. हा बाण तुम्हीही ओढून बघा, नियम पाठ करण्यापेक्षा लवकर हाताला बसतो.

मूळ प्रश्नातच 'हू' किंवा 'व्हॉट' कर्ता असेल तर मात्र हलवायला काही नसतं: 'हू केम?' आणि 'आय नो हू केम.'

पण 'कुड यू टेल मी' ने सुरू होणारं वाक्य तर प्रश्नच असतं ना?

पूर्ण वाक्य प्रश्न आहे, आतला क्लॉज नाही. उलटापालट 'कुड यू' मध्ये होऊन गेली. म्हणून 'कुड यू टेल मी व्हेअर प्लॅटफॉर्म टू इज?' आणि शेवटी प्रश्नचिन्ह.

'ही आस्क्ड दॅट व्हेअर आर यू गोइंग' हे का चुकतं?

इथे 'की' आडवा येतो. 'त्याने विचारलं की कुठे चाललास.' मराठीत 'की' सगळ्यांना चालतो: विधानाला, प्रश्नाला, हुकमालाही. इंग्रजीतला 'दॅट' फक्त विधानाला जोडतो. प्रश्नार्थक शब्द असेल तर तोच जोडणारा शब्द होतो, त्याच्या आधी 'दॅट' नको: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.' ऑफिसच्या ईमेलमध्ये 'प्लीज लेट मी नो दॅट व्हेन यू विल कम' हे वाक्य मी अनेकदा पाहिलंय. त्यातला 'दॅट' खोडला की वाक्य लगेच सुधारतं.

'येणार की नाही' साठी 'इफ' लिहू की 'व्हेदर'?

'आय डोन्ट नो' सारख्या क्रियापदानंतर दोन्ही चालतात. वाक्याच्या सुरुवातीला, प्रिपोझिशननंतर आणि 'टू' च्या आधी 'व्हेदर' च घ्या: 'व्हेदर ही विल कम इज नॉट क्लिअर', 'द क्वेश्चन ऑफ व्हेदर वी शुड सेल द हाउस', 'आय कान्ट डिसाइड व्हेदर टू गो'. गोंधळ वाटला तर 'व्हेदर' लिहून मोकळे व्हा, तो कुठेच अडत नाही.

'तो म्हणाला की तो आजारी आहे' याचं 'ही सेड दॅट ही इज सिक' करू का?

लेखी परीक्षेत 'वॉज' करा. मराठी बोलणाऱ्याचा वर्तमानकाळ जपून ठेवते, तर इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळी झालं की क्लॉजही सहसा मागे सरकतो. कायम खरी असलेली गोष्ट वर्तमानात राहू शकते: 'द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन.'

अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज लिहिताना वाक्य नेहमी उलटं होतं. का?

कारण मराठीत विशेषणवाक्य नामाच्या आधी येतं. आपल्याकडे दोन वाटा आहेत. एक, 'काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे.' दुसरी, 'जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे.' दोन्ही वाटा सुंदर आहेत. पण दुसरीवरून इंग्रजीत उतरलं की हातात येतं: 'विच बॉय केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर.' इथे दोन चुका आहेत, आणि त्या वेगळ्या करून बघायला हव्यात.

पहिली चूक जागेची. इंग्रजीत आधी नाम, मग त्याला चिकटून क्लॉज: 'द बॉय हू केम यस्टरडे'. चिकटून म्हणजे अगदी शेजारी. 'आय गेव्ह द साडी टू माय आंट दॅट आय बॉट ऑन लक्ष्मी रोड' असं लिहिलं तर लक्ष्मी रोडवरून मावशीच विकत आणल्यासारखं होतं. 'दॅट आय बॉट' ला 'साडी' शेजारी बसवा: 'आय गेव्ह माय आंट द साडी दॅट आय बॉट ऑन लक्ष्मी रोड.'

दुसरी चूक 'तो' ची. मराठीत 'जो' आला की 'तो' आलाच पाहिजे, ही जोडी फुटत नाही. इंग्रजीत 'हू' एकटा येतो. म्हणून 'द बॉय हू केम यस्टरडे ही इज माय ब्रदर' मधला 'ही' गेला पाहिजे. तसाच 'द बुक विच आय बॉट इट' मधला 'इट'. 'विच' स्वतःच त्या पुस्तकाच्या जागी उभा आहे, मग आणखी 'इट' कशाला? ज्यांचं बाकी इंग्रजी चांगलं आहे तेसुद्धा लांब वाक्यात हा जास्तीचा 'ही' किंवा 'इट' घालतात. क्लॉज संपेपर्यंत कर्ता मागे पडलेला असतो आणि मराठी कान 'तो' ची वाट बघत असतो. म्हणून लांब वाक्य लिहून झाल्यावर क्लॉज बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. 'द बॉय ही इज माय ब्रदर' असं ऐकू आलं की चूक सापडली.

'द हाउस विच आय लिव्ह' बरोबर आहे का?

नाही, 'इन' राहिला. 'ज्या घरात मी राहतो' मधला 'त' हा प्रत्यय इंग्रजीत कुठेतरी उतरायलाच हवा. 'द हाउस विच आय लिव्ह इन', 'द हाउस इन विच आय लिव्ह' किंवा 'द हाउस व्हेअर आय लिव्ह'. तिसऱ्यात 'व्हेअर' च्या पोटातच 'इन' आहे, म्हणून 'व्हेअर आय लिव्ह इन' लिहू नका. 'ज्याच्याशी', 'ज्यावर', 'जिच्याकडून' असं मराठीत काही मनात आलं की थांबा आणि प्रिपोझिशन शोधा.

'हू', 'हूम', 'हूज', 'विच', 'दॅट': कधी कोणता?

माणसांना 'हू', वस्तूंना आणि प्राण्यांना 'विच', आणि 'दॅट' बहुतेक ठिकाणी दोघांनाही. 'हूज' म्हणजे 'ज्याचा, ज्याची, ज्याचे', आणि तो वस्तूंनाही चालतो: 'अ वाडा हूज गेट इज स्टिल स्टँडिंग'. 'हूम' कर्मासाठी. बोलताना तो आता फारसा ऐकू येत नाही, पण प्रिपोझिशन पुढे आणलं तर लागतोच: 'द टीचर टू हूम आय ओ धिस'. 'इन दॅट आय लिव्ह' मात्र कधीच नाही. प्रिपोझिशनमागे 'दॅट' येत नाही.

कॉमा कधी द्यायचा? तिथे माझे मार्क जातातच.

कॉमा इथे अर्थ बदलतो, म्हणून जरा सावकाश बघू.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही फोडलं. पुण्यात शिरलेल्या त्या पाण्याच्या आठवणी पेठांतल्या जुन्या घरांत अजून सांगितल्या जातात. आता दोन वाक्यं वाचा.

'द डॅम दॅट बर्स्ट फर्स्ट वॉज पानशेत.' त्या दिवशी दोन धरणं फुटली. त्यातलं कोणतं, ते क्लॉज ठरवतोय. तो काढला तर वाक्याला अर्थच राहत नाही, म्हणून कॉमा नाही.

'पानशेत डॅम, विच बर्स्ट इन १९६१, वॉज रीबिल्ट लेटर.' पानशेतचं धरण एकच. नाव घेतलं तेव्हाच ओळख पटली, क्लॉज फक्त जास्तीची माहिती देतो. म्हणून दोन्ही बाजूंना कॉमा. दोन्ही बाजूंना हे महत्त्वाचं, कारण दुसरा कॉमा विसरणारे फार. आणि कॉमाने तोडलेल्या अशा क्लॉजमध्ये 'दॅट' येत नाही, 'विच' किंवा 'हू' च येतो.

खरी अडचण नातेवाइकांच्या वाक्यात येते. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन कोथरूड इज अ डॉक्टर' याचा अर्थ भाऊ एकापेक्षा जास्त आहेत, त्यातला कोथरूडचा. कॉमा दिले की भाऊ एकच. मराठीत 'कोथरूडला राहणारा माझा भाऊ' म्हटलं तर भाऊ किती ते कळत नाही, म्हणून आपल्याला हा फरक करायची सवयच नसते.

मोडी कागदांत विरामचिन्हं नसत. मराठीत ती रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. पुण्याच्या संस्कृत कॉलेजचे ते प्रमुख होते आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातही होते. आपण मात्र स्वल्पविराम बहुतेकदा वाचताना थांबायला म्हणून देतो. इंग्रजी क्लॉज लिहिताना श्वास कुठे घ्याल ते विसरा आणि एकच प्रश्न विचारा: क्लॉज काढला तर कोणाबद्दल बोलतोय ते कळेल का? कळत असेल तर कॉमा द्या.

'दॅट' किंवा 'हू' गाळता येतो का?

क्लॉजला स्वतःचा वेगळा कर्ता असेल तर येतो: 'द बुक आय बॉट', 'द मॅन वी मेट'. 'हू' हाच कर्ता असेल तर नाही. 'द मॅन केम यस्टरडे इज माय अंकल' हे वाक्य ऐकणाऱ्याला मध्येच धडकवतं. आणि कॉमा दिलेल्या क्लॉजमध्ये गाळू नका.

'द न्यूज दॅट...' हा नाउन क्लॉज की अ‍ॅडजेक्टिव्ह?

दोन्ही असू शकतो, म्हणून पेपर काढणाऱ्यांना हा फार आवडतो. 'द न्यूज दॅट द डॅम हॅड बर्स्ट स्प्रेड क्विकली.' इथे 'द डॅम हॅड बर्स्ट' हे स्वतंत्र, पूर्ण वाक्य आहे, आणि बातमी म्हणजे तेच. हा नाउन क्लॉज. 'द न्यूज दॅट ही ब्रॉट वॉज बॅड.' इथे 'ही ब्रॉट' अर्धवट आहे. काय आणलं? कर्माची जागा रिकामी, कारण 'दॅट' ती भरतोय. हा अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज, आणि इथे 'दॅट' च्या जागी 'विच' चालतो. पहिल्यात चालत नाही. 'फॅक्ट', 'आयडिया', 'बिलीफ', 'होप' या शब्दांनंतर हीच परीक्षा घ्या.

'ऑल व्हॉट ही सेड' बरोबर?

चूक. 'व्हॉट' म्हणजेच 'जे ते', त्याच्या आधी नाम किंवा 'ऑल' नको. 'ऑल दॅट ही सेड' किंवा नुसतं 'व्हॉट ही सेड'.

'द रीझन इज बिकॉज' लिहावं का?

बोलताना लोक म्हणतात. लिहिताना 'द रीझन इज दॅट' लिहा.

क्रियापद एकवचनी की अनेकवचनी?

'दॅट' किंवा 'व्हेदर' ने सुरू होणारा क्लॉज कर्ता असेल तर एकवचनी, 'व्हॉट' लाही बहुतेक वेळा एकवचनीच. अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉजमध्ये 'हू' कोणाच्या जागी उभा आहे ते बघा: 'शी इज वन ऑफ द स्टुडंट्स हू हॅव पास्ड.' पास झालेले बरेच, ती त्यातली एक, म्हणून 'हॅव'. 'शी इज द ओन्ली वन ऑफ देम हू हॅज पास्ड' मध्ये पास झालेली ती एकटीच, म्हणून 'हॅज'.

एकाच वाक्यात दोन-तीन क्लॉज आले की डोकं चालत नाही. सराव कसा करू?

पेन्सिल घ्या. अप्पा बळवंत चौकातून नवीन पुस्तक आणायची गरज नाही, घरात असलेला इंग्रजी पेपर पुरे. हे वाक्य बघा: 'द मॅन हू टोल्ड मी दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड डिड नॉट नो व्हेअर द न्यू ऑफिस वॉज.'

आधी काळ दाखवणाऱ्या क्रियापदांखाली रेघ ओढा: 'टोल्ड', 'वॉज', 'डिड नॉट नो', 'वॉज'. चार क्रियापदं, म्हणजे चार क्लॉज. मग 'हू', 'दॅट' आणि 'व्हेअर' च्या आधी चौकोन उघडा, आणि जिथे त्या क्लॉजचं बोलणं संपतं तिथे बंद करा. 'हू' चा चौकोन 'क्लोज्ड' पर्यंत जातो आणि त्याच्या पोटात 'दॅट' चा छोटा चौकोन बसतो. सगळे चौकोन झाकले की उरतं 'द मॅन डिड नॉट नो'. हे प्रधान वाक्य. आता प्रत्येक चौकोनाला विचारा. 'हू' चा सांगतो कोणता माणूस: अ‍ॅडजेक्टिव्ह. 'दॅट' च्या जागी 'समथिंग' बसतं: नाउन. 'व्हेअर' च्या जागीही बसतं: नाउन, आणि त्यात 'वॉज' शेवटी गेलाय हेही तपासा.

रोज पेपरमधली अशी तीन वाक्यं करा. चौथ्या-पाचव्या दिवशी एखादा चौकोन कुठे बंद करावा तेच कळणार नाही. ते वाक्य तसंच वहीत उतरवून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडा.